जेम्स यंग सिम्पसन

सर जेम्स यंग सिम्पसन (जन्म : बाथगेट, स्कॉटलंड, ७ जून १८११, मृत्यू : एडिनबरा, ६ मे १८७०) हे स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञ होते. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी ईथर व क्लोरोफॉर्म हुंगवण्याचा पाया त्यांनी घातला.

जीवन

सिम्पसन यांचे वडील पाव भाजण्याचा व्यवसाय करत. वयाच्या १४ व्या वर्षी सिम्पसन यांनी एडिनबरा विद्यापीठात प्रवेश घेतला. १८३२ मध्ये त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली आणि १८४० मध्ये त्याच विद्यापीठात ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

वेदनाशमनाचे प्रयोग

१९ जानेवारी १८४७ रोजी सिम्पसन यांनी एका अवघड प्रसूतीत ईथरचा वापर केला. मात्र ईथरचा वास उग्र होता व त्याने श्वासमार्गाचा दाह होई. त्याला पर्याय म्हणून ४ नोव्हेंबरच्या रात्री त्यांनी दोन सहकाऱ्यांसह घरीच क्लोरोफॉर्म हुंगून पाहिले. तिघेही बेशुद्ध झाले. ८ नोव्हेंबर रोजी त्यांनी ते एका प्रसूत होणाऱ्या स्त्रीला रुमालावरून हुंगवले. तिची आधीची प्रसूती तीन दिवस लांबली होती व मूल दगावले होते. या वेळी सुमारे २५ मिनिटांत मूल जन्मले. शुद्धीवर आल्यावर ते आपलेच आहे, यावर तिचा विश्वास बसेना. या मुलीचे नाव भूलशास्त्रावरून ठेवले गेले, ही आख्यायिका खरी नाही.

विरोध व मान्यता

बायबलनुसार प्रसूतिवेदना ईश्वराने नेमून दिल्या आहेत, असा आक्षेप पुढे येईल हे जाणून सिम्पसन यांनी त्याच वर्षी पुस्तिका लिहून बायबलच्याच आधारे त्याचे खंडन केले. वैद्यांचा विरोध अधिक ठाम होता : कळा नैसर्गिक असून त्या थांबवणे घातक ठरेल, असे अनेकांना वाटे. भीती अगदीच निराधार नव्हती. जानेवारी १८४८ मध्ये पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेवेळी क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची मुलगी मरण पावली. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या प्रसूतीत जॉन स्नो यांनी तिला क्लोरोफॉर्म दिले. त्यानंतर या पद्धतीची प्रतिष्ठा वाढली. १८६६ मध्ये सिम्पसन यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

वारसा

क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेचा वाद सिम्पसन यांच्यानंतरही चालू राहिला. त्याच्या तपासणीसाठी हैदराबाद संस्थानात १८८८ व १८८९ मध्ये आयोग नेमले गेले. पुढे क्लोरोफॉर्म मागे पडले. आज अनेक देशांत प्रसूतीवेळी नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे समप्रमाणातील मिश्रण दिले जाते. स्त्री शुद्धीत राहून ते स्वतःच हुंगते.