चामड्याच्या दुकानावरचा स्टुडिओ

संगणक, एखादा मायक्रोफोन आणि हेडफोन जमले की घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या नवशिक्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सॉफ्टवेअरचा. विनामूल्य मिळणारे ऑडॅसिटी घ्यावे, अॅपलच्या संगणकावर मिळणारे गॅरेजबँड पुरेल, की रीपर, क्यूबेस यांची वाट धरावी? कशात किती ट्रॅक मिळतात, किती इफेक्ट येतात याची तुलना करण्यात महिने जातात आणि गाणे मात्र राहून जाते. या चक्रात सापडलेल्याने ज्याचे आयुष्य अवश्य जाणून घ्यावे, असा एक मनुष्य घराघरांत संगणक येण्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी जग सोडून गेला. त्याचे नाव रॉबर्ट जॉर्ज मीक. संगीताच्या जगात तो जो मीक म्हणून ओळखला जातो. लंडनमधील भाड्याच्या घरात त्याने तयार केलेले एक वाद्यसंगीत १९६२ च्या अखेरीस अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. ब्रिटिश बँडला असे यश प्रथमच मिळत होते आणि बीटल्सना तेथे पोहोचायला आणखी वर्षाहून अधिक काळ लागणार होता.

मीकचा जन्म ५ एप्रिल १९२९ रोजी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील न्यूएंट या लहानशा गावी झाला. इतर मुले मैदानात असत तेव्हा हा घरामागच्या शेडमध्ये रेडिओचे सुटे भाग जोडत बसलेला असे. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याच्या वाट्याला रॉयल एअर फोर्समधील रडारचे काम आले आणि इलेक्ट्रॉनिक्सचे हे वेड पक्के झाले. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, एकही वाद्य धड वाजवता येत नव्हते. पुढे ज्याने संगीतकार म्हणून कीर्ती मिळवली त्याची ही अवस्था होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास तो लंडनच्या आयबीसी स्टुडिओत दाखल झाला. त्या काळी ब्रिटिश स्टुडिओंचा कारभार प्रयोगशाळेसारखा चाले. वादक प्रशस्त दालनात बसत, मायक्रोफोन त्यांच्यापासून ठरावीक अंतरावर असे आणि दालनात जे घडले त्याची प्रामाणिक नोंद करणे एवढेच ध्वनिमुद्रकाचे कर्तव्य मानले जाई. मीकला ही मर्यादाच मान्य नव्हती. तो मायक्रोफोन थेट ड्रमपाशी नेऊन ठेवी, आवाज दाबून घट्ट करी, त्यावर प्रतिध्वनी चढवी. १९५६ मध्ये जाझ वादक हम्फ्री लिटलटन यांची ‘बॅड पेनी ब्लूज’ ही तबकडी त्याने अशाच पद्धतीने ध्वनिमुद्रित केली. पियानोचे खालचे स्वर आणि ड्रमवरचे ब्रश तीत असे पुढे आले की जाझची ही रचना लोकप्रियतेच्या यादीत पोहोचली. त्यानंतर निर्माते डेनिस प्रेस्टन यांच्या लॅन्सडाउन स्टुडिओच्या उभारणीत त्याने मोठा वाटा उचलला. मात्र त्याचा स्वभाव तापट आणि संशयी होता. आपल्या युक्त्या लोक चोरतात ही भीती त्याला सतत ग्रासत असे. १९५९ च्या अखेरीस तो तेथून बाहेर पडला.

मोठ्या स्टुडिओचे दार बंद झाले तेव्हा त्याने घरालाच स्टुडिओ केले. उत्तर लंडनमध्ये ३०४, होलोवे रोड येथे चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरचे मजले त्याने भाड्याने घेतले. मेजर विल्फ्रेड बँक्स यांनी भांडवल पुरवले आणि आरजीएम साउंड ही कंपनी उभी राहिली. रस्त्यावरून अखंड वाहने धावत, खाली दुकान चाले. ध्वनिमुद्रणासाठी याहून गैरसोयीची जागा शोधूनही सापडली नसती. येथे व्हायोलिनवादक जिन्यावर बसत, गाणारे पडद्याआड उभे राहत आणि फरशीच्या न्हाणीघराचा उपयोग प्रतिध्वनीसाठी होई. जॉन लेटनचे ‘जॉनी रिमेंबर मी’ हे गाणे १९६१ मध्ये याच घरात तयार झाले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. खालच्या मजल्यावरून घरमालकीण व्हायोलेट शेंटन झाडूच्या दांड्याने छत ठोकत आणि मीक उत्तरादाखल आवाज आणखी वाढवी, असे सांगतात.

त्याच्याजवळ साधने कोणती होती, हे नवशिक्यांनी नीट पाहावे. दोन ट्रॅकचे एक लिरेक टेपयंत्र, ईएमआय बनावटीचे एक यंत्र, काही मायक्रोफोन आणि स्वतः जोडलेल्या पेट्या, एवढेच. आजच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही याहून कितीतरी अधिक ट्रॅक मिळतात. मीक आधी वाद्यमेळ एका यंत्रावर घेई. मग तो वाजवून त्याबरोबर गायकाला गाऊ देई आणि दोहोंचे मिश्रण दुसऱ्या यंत्रावर उतरवी. आणखी एखादे वाद्य हवे असेल तर पुन्हा तीच फेरी. दर फेरीला टेपची खरखर वाढे आणि आधीचे मिश्रण कायमचे गोठून जाई. ड्रम किती मोठा, आवाज किती पुढे, हा निर्णय तेथल्या तेथे घ्यावा लागे. माऊसच्या एका टिचकीने मागे येण्याची सोय नव्हती. साहजिकच बटण दाबण्याआधी गाणे कसे ऐकू आले पाहिजे हे त्याच्या कानात पक्के असे. त्याच्या घरगुती पेट्यांपैकी कॉम्प्रेसरची कीर्ती पुढे एवढी पसरली की, एकेकाळी त्याच्या ध्वनिमुद्रणांत मागे गाणारे टेड फ्लेचर यांनी नव्वदच्या दशकात ‘जोमीक’ याच नावाने कॉम्प्रेसर बाजारात आणले आणि प्रो टूल्स या सॉफ्टवेअरसाठी त्यांची संगणकीय प्रतिकृतीही निघाली. नवशिका ज्या इफेक्टची यादी सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत वाचतो, त्यांतले काही असे मीकच्या टेबलावर जन्मले आहेत.

१९६० मध्येच त्याने ‘आय हिअर अ न्यू वर्ल्ड’ ही चंद्रावरील जीवनाची कल्पना करणारी संगीतमालिका रचली होती. पाण्यात नळीने काढलेले बुडबुडे, दुधाच्या बाटल्यांवर चमचा, राखदाणीवर घासलेला कंगवा असे आवाज त्याने तीत गुंफले. तिचा थोडासाच भाग तेव्हा प्रसिद्ध झाला. संपूर्ण मालिका लोकांना ऐकायला मिळाली ती १९९१ मध्ये.

जुलै १९६२ मध्ये टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडची दूरचित्रे ब्रिटनमध्ये दिसू लागली. ती पाहून भारावलेल्या मीकने एक धून गुणगुणली. सहकाऱ्यांनी तिचे स्वर शोधून काढले, टॉर्नेडोज या बँडने ती वाजवली आणि जेफ गोडार्ड यांनी क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर मुख्य सुरावट चढवली. रॉकेटच्या गर्जनेसारख्या आवाजाने सुरू होणारी ही ‘टेलस्टार’ ऑगस्टमध्ये बाजारात आली आणि तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. दोन वर्षांनी हनीकोम्ब्जच्या ‘हॅव आय द राइट’ या गाण्यासाठी त्याने वादकांना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि सायकलच्या क्लिपांनी कठड्याला मायक्रोफोन बांधले. तेही गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे डीप पर्पलमुळे जगभर गाजलेला गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच घरात उमेदवारी करीत होता.

मात्र ‘टेलस्टार’चे पैसे मीकच्या हाती पडलेच नाहीत. ही धून आपल्या चित्रपटसंगीतावरून उचलल्याचा दावा फ्रेंच संगीतकार झाँ लेद्रू यांनी केला आणि निकाल लागेपर्यंत मानधन गोठवण्यात आले. त्यातच १९६३ मध्ये समलैंगिक वर्तनाच्या आरोपावरून त्याला अटक होऊन दंड झाला आणि त्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असे नाते गुन्हा होता. एवढ्या बातमीने माणूस आयुष्यभर धमक्यांच्या छायेत जगे. दरम्यान बीटल्सने संगीताची दिशाच बदलली, मीकच्या तबकड्या पडू लागल्या आणि कर्ज वाढले. घर तेच आणि कचेरीही तीच असल्याने या सर्वांपासून पळायला त्याला जागा उरली नव्हती. भिंतींत चोरून ऐकणारी यंत्रे बसवली आहेत असे त्याला वाटू लागले. नैराश्य आणि गोळ्यांचे सेवन यांनी उरलेला तोल घालवला.

३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याच घरात त्याने व्हायोलेट शेंटन यांची गोळी घालून हत्या केली आणि नंतर स्वतःचे आयुष्य संपवले. मीकच्या कर्तृत्वाचे गोडवे गाताना पुष्कळदा या निरपराध स्त्रीचा विसर पडतो, हे योग्य नाही. समलैंगिकतेसंबंधीचा इंग्लंडमधील कायदा त्यानंतर काही महिन्यांतच सौम्य झाला. ‘टेलस्टार’च्या खटल्याचा निकालही मीकच्याच बाजूने लागला, पण त्याच्या मृत्यूनंतर.

होलोवे रोडवरील त्या इमारतीवर आज स्मृतिफलक आहे. घरात सापडलेल्या सुमारे १,८५० टेप चहाच्या ६७ खोक्यांत भरून विकल्या गेल्या. कित्येक वर्षे त्या तशाच पडून होत्या. २०२० मध्ये चेरी रेड या कंपनीने त्या विकत घेतल्या आणि त्यांचे संगणकीय रूपांतर सुरू झाले. अनेक टेपांवर गायक नाहीत, वादकही नाहीत. दुसऱ्याच एखाद्या गाण्याच्या ठेक्यावर बेसूर आवाजात नवी चाल गुणगुणणारा मीक तेवढा आहे, वादकांनी ती ऐकून स्वर बसवावेत म्हणून.