आवाजाआडचा आजार

लंडनमध्ये ३० जानेवारी १९६५ रोजी विन्स्टन चर्चिल यांची अंत्ययात्रा निघाली. बीबीसी टेलिव्हिजनवर तिचे वर्णन करत होते रिचर्ड डिंबलबी. राज्याभिषेक, राजघराण्यातले लग्न, निवडणुकीच्या निकालाची रात्र, असा कोणताही मोठा प्रसंग आला की ब्रिटनमध्ये घरोघरी याच माणसाचा संथ, भारदस्त आवाज ऐकू यायचा. त्या दिवशीही तो नेहमीसारखाच लागला होता. पण हा माणूस पाच वर्षांपासून कॅन्सरशी झगडतो आहे, याची प्रेक्षकांना कल्पनाही नव्हती.

डिंबलबी यांचा जन्म १९१३ चा. घरचेच वृत्तपत्र होते, त्यामुळे शाळा सुटल्यावर पावले तिकडेच वळली. १९३६ मध्ये ते बीबीसीत आले. तेव्हा रेडिओवरची बातमी म्हणजे वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर निवेदकाने वाचून दाखवायचा, एवढेच होते. बातमीदाराने घटनेच्या जागी जावे आणि तिथूनच बोलावे, असा आग्रह या तरुणाने धरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनचे क्रिस्टल पॅलेस जळाले, तेव्हा त्यांनी जवळच्या टेलिफोनवरून आगीचे वर्णन श्रोत्यांना ऐकवले. पुढे महायुद्धात ते बाँबफेकी विमानांतून जर्मनीवर गेले आणि परत येऊन काय पाहिले ते सांगितले.

एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य बेल्सनच्या छळछावणीत पोहोचले. तिथे गेलेले पहिले प्रसारक डिंबलबीच. उपासमार आणि टायफस यांनी छावणीची दशा केली होती. हजारो मृतदेह उघड्यावर पडले होते आणि जिवंत माणसांना उभेही राहवत नव्हते. वार्तांकन लंडनला पोहोचले, पण ते इतके भयंकर होते की बीबीसीतल्या वरिष्ठांचा त्यावर विश्वास बसेना. ते प्रसारित करायला टाळाटाळ होऊ लागली, तेव्हा डिंबलबी यांनी राजीनाम्याची भाषा केली. अखेर ते काटछाट करून का होईना, प्रसारित झाले. लोकांना ऐकवत नाही म्हणून सांगायचे नाही, हे त्यांना मान्य नव्हते.

युद्धानंतर टेलिव्हिजनचा जमाना आला. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचे वर्णन त्यांनी केले. ते पाहायला ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी लोक बसले होते. १९५५ पासून ते ‘पॅनोरमा’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे सूत्रधार झाले. हा माणूस फार राजनिष्ठ, फार गंभीर, अशी टीका त्यांच्यावर होई आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र याच गंभीर चेहऱ्याने त्यांनी १ एप्रिल १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये स्पॅगेटीचे पीक झाडांवर कसे येते, हे सांगितले आणि अनेकांनी ते खरे मानले. रोप कुठे मिळेल, अशी विचारणा बीबीसीकडे झाली.

१९६० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांना वृषणाचा कॅन्सर झाल्याचे निदान झाले. हा आजार एकूण कॅन्सरच्या तुलनेत दुर्मिळ, पण पंधरा ते चाळीस या वयातल्या पुरुषांत तो बराच आढळतो. सुरुवात बहुधा न दुखणाऱ्या गाठीने होते. दुखत नाही म्हणून आणि जागा अवघड म्हणून पुरुष ती दाखवायला जात नाहीत. त्या काळी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच मुख्य इलाज होते. आजार शरीरात पसरला की डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे.

डिंबलबी उपचार घेत राहिले आणि कामही करत राहिले. बाहेर मात्र त्यांनी कळू दिले नाही. यात नवल नव्हते. कॅन्सर हा शब्दच तेव्हा उच्चारला जात नसे. १९६१ मध्ये अमेरिकेत एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी झाली. त्यात सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी कॅन्सरच्या रुग्णाला निदान न सांगण्याकडेच कल दाखवला. मृत्यूच्या बातमीत दीर्घ आजार एवढेच छापून यायचे. आपल्याकडे ते अजूनही छापून येते. ज्याने बेल्सन सांगायचा हट्ट धरला, त्याने स्वतःबद्दल पाच वर्षे मौन पाळले.

ते मौन आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांत सुटले. १९६५ च्या अखेरीस कुटुंबाने आजाराचे नाव उघड केले. ओळखीचा चेहरा आणि कॅन्सर हे दोन शब्द एकाच बातमीत आल्याने देशाला धक्का बसला. हजारो पत्रे आली. त्यांतली कित्येक अशा लोकांची होती, ज्यांच्या घरात हाच आजार दाराआड झाकून ठेवला होता. २२ डिसेंबर १९६५ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डिंबलबी यांचे निधन झाले. वय होते अवघे ५२.

त्याच वर्षी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता आणि त्याचा या आजाराशी संबंध असेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंमधून वीज सोडून पाहत होते. जिवाणू वाढत होते, लांबलचक धाग्यांसारखे होत होते, पण त्यांचे विभाजन थांबले होते. ही किमया विजेची नव्हती. विद्युतअग्रांच्या प्लॅटिनमपासून द्रावणात तयार झालेल्या संयुगांची होती. पेशींचे विभाजन थांबवणारे रसायन कॅन्सरलाही रोखेल का, या प्रश्नातून सिसप्लॅटिन हे औषध आले. १९७४ पासून इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांसोबत वृषणाच्या कॅन्सरसाठी वापरले आणि शरीरभर पसरलेला आजारही बरा होऊ लागला. आज या कॅन्सरचे ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. याच जातीच्या पेशींपासून छातीच्या पोकळीत झालेल्या गाठीवर क्रिकेटपटू युवराज सिंगने २०१२ मध्ये इंडियानापोलिसला उपचार घेतले, तेही आइनहॉर्न यांच्याकडेच. त्याच वर्षी तो भारतीय संघात परतला. त्याचे केमोथेरपीतले केस गेलेले छायाचित्र त्याने स्वतःच लोकांपुढे ठेवले होते.

डिंबलबी यांच्या नावाने कुटुंबाने १९६६ मध्ये कॅन्सर निधी सुरू केला. डेव्हिड आणि जोनाथन हे दोन मुलगे पुढे नावाजलेले प्रसारक झाले. निकोलस या शिल्पकार मुलाने घडवलेले त्यांचे स्मारक १९९० पासून वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे. निधी आता डिंबलबी कॅन्सर केअर या नावाने चालतो. सेंट थॉमस आणि गाइज रुग्णालयातले रुग्ण व त्यांच्या घरची माणसे तिथे येऊन बसतात, माहिती विचारतात, मनातले बोलतात.