शून्य म्हणजे यश : जॉर्ज बूल

शेल स्क्रिप्टमध्ये दोन कमांडच्या मध्ये आपण ‘अँड’, ‘ऑर’ची चिन्हं टाकतो, तेव्हा एका मोच्याच्या मुलाचं गणित वापरत असतो.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडातील लिंकन येथे झाला. वडिलांचा धंदा बसला आणि सोळाव्या वर्षीच घर चालवण्यासाठी बूल शाळेत शिकवू लागले. एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. गणित मात्र स्वतःच पुस्तकं वाचून शिकले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचं पदक मिळालं. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेही हाती डिग्री नसताना! १८५४ च्या ग्रंथात त्यांनी तर्काचं बीजगणित मांडलं. त्यात १ म्हणजे सर्व काही, ० म्हणजे काहीच नाही.

बूल यांचा आपल्या भागाशीही एक धागा आहे. झरी जामणीच्या उत्तरेला, हिंगणघाटात, भारताची मोजणी करणारे लॅम्बटन १८२३ मध्ये वारले. त्यांचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेलं. १८५५ मध्ये बूल यांनी लग्न केलं ते या एव्हरेस्टच्या पुतणीशी, मेरीशी.

शेलने मात्र बूलचे आकडे उलटे केले. इथे ० म्हणजे यश, बाकी आकडे म्हणजे चूक. कारण यश एकच असतं, चुका शंभर प्रकारच्या!

खरी गोची पाइपलाइनमध्ये होते. तिचं उत्तर म्हणजे फक्त शेवटच्या कमांडचं उत्तर. डेटाबेसचा डंप जीझिपला पाइप केला आणि डंपच फसला, तरी जीझिप रिकामी फाइल नीट आवळतं आणि ० सांगतं. आपण बॅकअप झाला समजून निवांत झोपतो! म्हणून बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहावं. मग मधली एक कमांड जरी फसली, तरी पूर्ण पाइपलाइन नापास ठरते.

१८६४ च्या नोव्हेंबरात बूल भर पावसात सुमारे तीन मैल चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनीच त्यांनी लेक्चर पूर्ण केलं. वर्गापुरतं बघितलं तर सगळं सुरळीत पार पडलं. पण वाटेत जे बिघडायचं ते बिघडलं होतं. न्यूमोनियाने ८ डिसेंबरला ते गेले, अवघ्या ४९ व्या वर्षी.

तेव्हा दोस्तांनो, शेवटचं शून्य बघून खूश होऊ नका. मधल्या प्रत्येक कमांडला विचारा.