मेलबर्नचा मानकरी : नेव्हिल डिसोझा

आपल्या मॉरिशसमध्ये फुटबॉलवर वाद झाला नाही असे घर सापडणे कठीण. इंग्लंडच्या मोठमोठ्या संघांतील खेळाडूंची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. पण आपले पूर्वज ज्या कोकणातून मुंबई बंदरात आले व तेथून जहाजात बसले, त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला जन्मलेल्या एका खेळाडूने ऑलिंपिक गाजविले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यात, बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोव्यातील पुष्कळ कुटुंबांना पोटासाठी मुंबई गाठावी लागे. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोवेकरांची मोठी वस्ती होती. गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कूड’ नावाच्या सामायिक खोल्यांत खलाशी व नोकरदार एकमेकांच्या आधाराने राहत. या मंडळींनी आपल्याबरोबर फुटबॉलचे वेडही मुंबईला आणले. नेव्हिल यांचे नाव झाले तेही मुंबईच्याच मैदानांवर.

त्या काळी हिंदुस्थानात फुटबॉल खेळून कोणी श्रीमंत होत नसे. मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत आणि तो त्या कंपनीच्या संघातून खेळे. पगार नोकरीचा आणि घाम मैदानावरचा, असा तो व्यवहार होता. नेव्हिल प्रथम टाटांच्या संघातून आणि नंतर कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघातून खेळले. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले. नेव्हिल यांची जागा आघाडीच्या मध्यभागी, म्हणजे सेंटर फॉरवर्डची. गोल करणे हेच त्यांचे काम.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १० विरुद्ध १ असा दारुण पराभव केला होता. आपले बरेच खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यानंतर नव्या पद्धतीने संघ बांधला. कप्तान समर बॅनर्जी, प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम, किट्टू, गोलरक्षक थंगराज असे एकाहून एक खेळाडू त्यात होते. १९५६ साली हा संघ मेलबर्नला गेला, तेव्हा आघाडीला नेव्हिल होते.

पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत खेळल्यावाचून पुढे गेला. १ डिसेंबर १९५६ रोजी गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी साधली. मध्यंतरानंतर लवकरच नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि शेवटी किट्टू यांनी चौथ्याची भर घातली. भारत ४ विरुद्ध २ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश.

उपांत्य सामन्यात समोर आला तोच जुना युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. नंतर नेव्हिल यांनीच गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. पण ती फार वेळ टिकली नाही. युगोस्लाव्हियाने सामना ४ विरुद्ध १ असा जिंकला. तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियानेही भारताला ३ विरुद्ध ० असे हरविले आणि कांस्यपदक हुकले. तरीही चार गोल करून नेव्हिल हे त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत बसले. दुसरे दोघे बल्गेरियाचा मिलानोव्ह व युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेव्हिल मेलबर्नला भारतासाठी गोल करीत होते, तेव्हा त्यांच्या जन्मगावी पोर्तुगालचा झेंडा फडकत होता. १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची सरहद्द बंद झाली होती आणि रेल्वेही थांबली होती. गोवा मुक्त झाला तो पाच वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी. जन्मभूमी एका राजवटीत आणि कर्मभूमी दुसऱ्या देशात, ही अवस्था काय असते ते आपल्या घरातील जुन्या माणसांना सांगावे लागणार नाही.

त्याच १९६१ साली भारत सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. फुटबॉलचा पहिला पुरस्कार प्रदीपकुमार बॅनर्जी यांना मिळाला आणि तो योग्यच होता. पुढे बलराम व थंगराज यांनाही मिळाला. नेव्हिल यांच्या वाट्याला मात्र तो कधीच आला नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉल संघ त्या स्पर्धेत पुन्हा दिसला नाही. त्यामुळे मेलबर्नचा चौथा क्रमांक हीच भारताची ऑलिंपिकमधील सर्वोच्च मजल राहिली आहे.

कोकण आणि गोव्यातून बाहेर पडण्याची वाट आजही बंद झालेली नाही. ओमानमध्ये मस्कतला कामाला गेलेले तिकडचे तरुण सुटीच्या दिवशी चेंडू घेऊन जमतात, कधी मैदानावर, कधी बंदिस्त सभागृहात पाच-पाच जणांचे संघ करून. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या या मुलांची जात नेव्हिल यांचीच आहे.

पुरस्कार देणे सरकारच्या हाती असते, आठवण ठेवणे आपल्या हाती. येत्या रविवारी मुले टेलिव्हिजनवर सामना पाहायला बसली, की त्यांना आसगावच्या या खेळाडूची गोष्ट अवश्य सांगा.