विश्लेषण : दुसऱ्या वर्गाच्या डब्यात गादी कोणी आणली?

रेल्वेच्या स्लीपर डब्यात आज गादीवर पाठ टेकता येते. पूर्वी दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला लाकडी फळीवरच रात्र काढावी लागे. हे बदलले भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाने.

मधू दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते शिकवत. १९५५ मध्ये ते गोवामुक्ती सत्याग्रहात उतरले. १९७१ मध्ये राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि सलग पाच वेळा निवडून आले. आणीबाणीत ते बंगळूरुच्या, तर पत्नी प्रमिला येरवड्याच्या तुरुंगात होत्या.

१९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर फोमच्या गाद्या आल्या त्याही त्यांच्याच काळात.

१९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. मात्र, पुढच्याच वर्षी राजापूरने त्यांना पराभूत केले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, तेव्हा ते कोकणचे खासदार नव्हते.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. अखेरीसही हा शिक्षक विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडला.