कृष्णाकाठचा यशवंत

फीसाठी पैसे नाहीत म्हणून एखाद्या हुशार मुलाची शाळा सुटली, तर तुम्हांला किती वाईट वाटेल! लहानपणी गरिबी सोसलेल्या आणि मोठेपणी गरीब मुलांची ही अडचण दूर करणाऱ्या एका नेत्याची ओळख आज आपण करून घेऊ.

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. यशवंत लहान असतानाच त्याचे वडील प्लेगने वारले. आई विठाई शिकलेल्या नव्हत्या. पण मुलांनी शिकावे, अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी कष्ट करून मुलांना वाढवले. यशवंत कृष्णाकाठच्या कराड गावी टिळक हायस्कुलात शिकू लागला.

देशात स्वातंत्र्याची चळवळ चालू होती. १९३२ साली कराडमध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल यशवंताला पकडण्यात आले. आई भेटायला आली. माफी मागितली तर सुटका होईल, असे बरोबरच्या शिक्षकांनी सुचवले. आईला ते मुळीच पटले नाही. तब्येतीची काळजी घे, पण माफी मागू नकोस, असे तिने मुलाला सांगितले. यशवंताला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगातही त्याने वाचन सोडले नाही. सुटल्यावर त्याने शिक्षण पुरे केले आणि तो वकील झाला.

१९४६ साली यशवंतराव मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. आधी ते संसदीय चिटणीस झाले, १९५२ मध्ये मंत्री झाले आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

तो काळ कठीण होता. मराठी लोकांना स्वतंत्र राज्य हवे होते. यशवंतराव द्वैभाषिकाचा कारभार करतात, म्हणून लोक त्यांच्यावर रागावले. १९५७ च्या निवडणुकीत ते थोड्याच मतांनी निवडून आले. मात्र त्यांनी लोकांचा राग समजून घेतला आणि दिल्लीच्या नेत्यांना लोकांच्या भावना पटवून दिल्या. लोकांच्या लढ्याला यश आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

त्यांच्या सरकारने गरीब पालकांच्या मुलांची फी माफ केली. त्यामुळे हजारो खेड्यांतील मुलांना शाळा-कॉलेजची वाट मोकळी झाली. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तुमच्यापैकी काही जण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकले असतील, नाही का?

त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. पुढे ते देशाचे उपपंतप्रधानही झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आवडीने जमवलेली पुस्तके आजही कराडला जपून ठेवलेली आहेत. कधी कराडला गेलात, तर ती जरूर पाहा.