पोरक्या लेकींची माय : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई म्हटले की त्यांची संस्कृत विद्वत्ता डोळ्यांपुढे येते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला तो त्यासाठीच. परंतु घरातले माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या पोराचे काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ तेथे आहे.

२३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले आणि थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण गेली. आईच्या वेळी खांदेकरीही पुरेसे मिळेनात. रमा ठेंगणी; खांदा पोचेना, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर वाहिला. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलीचा नवरा गेला, तर तिला पोटाशी धरण्याऐवजी तिच्याच पायगुणाला बोल लावीत. रमाबाईंनी १८८७ साली इंग्रजी ग्रंथ लिहून ही व्यथा जगापुढे मांडली. १८८९ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. त्याच वर्षी ११ मार्चला त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. बालपणीच विधवा झालेल्या या मुलीचा पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यावरून १८९३ मध्ये वाद पेटला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्या खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या व केडगावी त्यांना घर दिले. १९२१ साली मनोरमा गेली. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

केडगाव दूर नाही. आपल्या बदलापुरावरून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गानेच पुढे दौंडच्या वाटेवर ते लागते. मांजर्लीतही एखाद्या घरी आई किंवा बाप जातो. आपण मोठ्यांच्या सांत्वनाला जातो आणि कोपऱ्यातले पोर तसेच राहते. भगिनींनो, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, त्याला रडू द्यावे, गेलेल्याचे नाव काढू द्यावे. आणि कोणी त्याच्या पायगुणाची गोष्ट काढली, तर तिथल्या तिथे अडवावे.